कोरड्यात बसवलेली फळी

लातूर जिल्हा झाला तेव्हा त्याच्या वाट्याला ज्या वस्तू आल्या, त्यांत एक शिडाची होडी होती. प्रत्येक जिल्ह्याला एक होडी द्यायची असे वर कुठेतरी ठरले होते आणि आता आपलाही जिल्हा होता. नव्या कार्यालयाच्या पाट्यांचा रंग वाळायच्या आत ती ट्रकमधून उतरली. तिचे काय करायचे हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे ती पत्र्याच्या शेडमध्ये, पोत्यांखाली, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी पडून राहिली. त्या साली पाऊस गेला. पुढच्या सालीही गेला.

होडी शोधून काढली ती आमच्या कॉलेजच्या खेळाच्या सरांनी. ते मूळचे बिलोलीकडचे. सोळाव्या वर्षी घरातून पळून नौदलात गेलेले आणि निवृत्त होऊन आमच्याकडे आलेले. त्यांच्या बोलण्यात उर्दू होती, मध्येच तेलुगू होते आणि शिव्या मात्र खास समुद्रावरच्या होत्या. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय भौतिकशास्त्र. मला समुद्रविज्ञान शिकायचे होते. समुद्र मी पाहिला नव्हता. परंतु लाटांची समीकरणे सोडवली होती, आणि त्या वयात ते मला पुरेसे वाटत असे.

त्या अभ्यासक्रमाला जागा अगदी थोड्या. माझ्या गुणांवर मिळेल अशी खात्री नव्हती. मात्र राज्य पातळीवर शिडाची होडी चालवल्याचे प्रमाणपत्र असणाऱ्यांसाठी एक जागा वेगळी ठेवलेली होती. त्यासाठीची निवड उन्हाळ्यात नांदेडला, गोदावरीच्या बंधाऱ्यात व्हायची होती. अटी दोनच: उमेदवाराने आपल्या जिल्ह्याची होडी आणायची आणि वय ठरलेल्या मर्यादेत असायचे. मर्यादेत बसण्याचे माझे ते शेवटचे वर्ष होते.

वर्षभर सरांनी मला मांजरेच्या धरणात शिकवले. वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. परवानगीचा कागद त्यांनीच टेबलाटेबलावरून फिरवून आणला. पहिल्यांदा मी एकटीने होडी नेली तेव्हा ते काठावर छत्री धरून उभे होते. परतल्यावर एवढेच म्हणाले, "तुझ्या आजोबाला गावच्या विहिरीची पायरी उतरू देत नव्हते." मग छत्री मिटली आणि एस.टी.ची वेळ झाल्याची आठवण केली. त्या विषयावर ते पुन्हा बोलले नाहीत. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य गेले नाही, आणि पुढे मी जी घाई केली तिच्यात त्याचाही वाटा होता.

शिडाची होडी वाऱ्याने पुढे जाते, हे अर्धेच खरे आहे. वारा तिला जेवढा पुढे ढकलतो त्याहून अधिक बाजूला ढकलतो. ती बाजूला जाऊ नये म्हणून होडीच्या पोटात मधोमध एक उभी अरुंद पेटी असते आणि त्या पेटीतून एक फळी खाली पाण्यात सोडलेली असते. तिला सेंटरबोर्ड म्हणतात. फळीच्या वरच्या कोपऱ्यातून एक बोल्ट आरपार जातो आणि त्या बोल्टाभोवती फळी खालीवर फिरते. खोल पाण्यात ती खाली सोडायची, उथळ पाणी आले की वर ओढून घ्यायची. फळी नसेल तर शीड असूनही होडी वाऱ्यासमोर कागदासारखी वाहत जाते.

आमची मूळची फळी प्लायवूडची होती. निवडीला सात आठवडे उरले असताना, पाणी उतरत चालल्यामुळे, धरणात बुडालेल्या गावाची एक भिंत वर आली आणि फळी तिच्यावर आदळून दुभंगली. दुसरी मागवायची तर पत्र, मंजुरी, उत्तर. सात आठवडे त्यातच गेले असते. फळी इथेच करायची असे ठरले.

रेणापूरला एक सुतार होते, सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. बैलगाड्या आणि पेरणीच्या तिफणी करायचे. दुष्काळामुळे त्यांच्या दारात काम नव्हते. तुटलेली फळी मी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, मग माझ्याकडे पाहिले.

"हे काय हाय, ताई?"

मी समजावून सांगितले. वारा, बाजूचा दाब, पाण्याचा विरोध. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"म्हंजी फण की," ते म्हणाले. "तिफणीला फण नसला तर ती तासात, सरळ रेघंत, चालंल का? आडवीच फिरंल. एवढ्यासाठी कॉलेजात जावं लागतं व्हय?"

सर पोट धरून हसले. मलाही हसू आले, कारण त्याहून नेमकी व्याख्या मी पुस्तकात वाचली नव्हती.

लाकूड त्यांनी निवडले: बाभूळ. गाडीच्या चाकासाठी चार वर्षे मुरत ठेवलेली फळी होती. मी तिची घनता काढून पाहिली आणि समाधान पावले. जाडी किती ठेवायची यावर मात्र माझा आणि सरांचा वाद झाला. सर म्हणाले, "पेटीत दोन्ही बाजूंना रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी फट सोड. नेव्हीत सगळीकडे तेच." जुनी फळी तशीच सैल होती, वाऱ्यात सारखी खडखडायची आणि तिचा हादरा सुकाणूपर्यंत यायचा. मी एक पानभर गणित करून सिद्ध केले की या खडखडीने वेग घटतो. म्हणून फट नाण्याची नको, पोस्टकार्डाची हवी. सरांचा नियम अनुभवातून आलेला होता, माझा गणितातून. त्या काळात मला या दोहोंत दर्जाचा फरक वाटत असे.

सरांनी कागद परत दिला. "कॅप्टन तू आहेस, बेटा. मी काय, खलाशी माणूस."

मिस्त्रींनी तीन आठवडे ती फळी रंधली. मी दर दोन दिवसांनी एस.टी.ने जाऊन पोस्टकार्ड आत सरकवून बघत असे. पेटीच्या मापाचा एक साचाच त्यांनी मला करून दिला होता. कडा पुढून गोल, मागून निमुळत्या. पाण्याला कापत जाणारा आकार त्यांना एका चित्रावरून कळला. नंतर लाकडाला तेल पाजायचे होते. लातूरच्या अडतीवर जवस येत होतेच. एका तेलघाण्यावरून मी ताजे जवसाचे तेल आणले आणि पाच हात दिले. प्रत्येक हात वाळायला एक दिवस. त्या उन्हाळ्यात हवेत ओल म्हणून नव्हती. तेल इतके छान वाळत होते की दुष्काळाचा एक तरी फायदा झाला असे मी वहीत लिहून ठेवले.

बोल्टाचे भोक मात्र शेवटी, धरणावरच पाडावे लागणार होते. पेटीतल्या भोकाशी ते तंतोतंत जुळायला हवे होते. त्या दिवशी दुपारी मिस्त्री हाताचे गिरमिट घेऊन आले. फळी पेटीत बसवून त्यांनी भोक पाडले, ती बाहेर काढली, भुसा फुंकला. भोकाच्या आतले लाकूड कोरे, तांबूस, ताजे होते. तेलाचा डबा माझ्या पायाशी होता.

"मिस्त्री, आत तेल सोडू का?"

"आऱ्याच्या भोकात तेल सोडत्यात व्हय, ताई? आरा निसटंल की. कोरड्यात घट्ट बसवायचं. चाक ढिलं झालं तर आम्ही वढ्यात भिजत घालतो. पाणी प्यालं की लाकूड आपसूक आवळतं. तुमचं तर पाण्यातच ऱ्हाणार. लई घट्ट हुईल बगा."

हे ते अभिमानाने सांगत होते. त्यांच्या धंद्यात लाकडाचे फुगणे ही चांगलीच गोष्ट होती. चाकाचा आरा हलायचा नसतो. फळी हलायची होती. हा फरक त्यांना सांगणे माझे काम होते. मला तो माहीत होता. लाकूड तंतूंच्या कापलेल्या टोकांतून पाणी सर्वाधिक शोषते हेही मी शिकले होते. पाच हात तेल देऊन सगळीकडून बंद केलेल्या फळीला आम्ही नुकतेच एक उघडे तोंड पाडले होते, आणि तेही नेमके पेटीच्या आत. पण तेल सोडले तर ते वाळायला आणखी एक दिवस गेला असता, आणि वारा सुटला होता. मी बोल्ट घातला.

तो रविवार होता. पुढच्या शनिवारी होडी नांदेडला न्यायला ट्रक यायचा होता.

रविवारची ती दुपार मी अजून विसरलेले नाही. होडी ओढल्यासारखी सरळ गेली. फळीचा आवाज नाही, सुकाणूला हादरा नाही. काठावरून मिस्त्री ओरडले, "तासात चालली!" सरांनी मला सलाम ठोकला; थट्टेत, तरीही पूर्ण ताठ.

होडी रोज पाण्याबाहेर काढणे शक्य नव्हते. पाणी मागे हटल्यापासून काठाला गाळाचा रुंद पट्टा पडला होता. आम्ही त्यावर पऱ्हाट्यांच्या पेंढ्या अंथरून चालत जायचो आणि पुढे गुऱ्हाळाच्या मोठ्या काहिलीत बसून होडीपर्यंत पोचायचो. होडी एका खोलगट डोहात बांधलेली असे. ती बाहेर काढायची जागा एकच, धरणाच्या भिंतीकडची दगडी उतरण. डोहातून तिकडे जाताना एक उथळ पट्टा लागे आणि फळी वर घेतल्याशिवाय तो ओलांडता येत नसे. रविवारी संध्याकाळी वाऱ्यात होडी स्थिर राहावी म्हणून मी फळी खाली सोडून ठेवली आणि घरी गेले.

सोमवारी माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती. मंगळवारी सकाळी फळी वर येईना.

दोरी ओढली, कप्पी लावून ओढली. बोल्ट काढायला गेलो. तो लाकडाने असा धरला होता की पाना निसटू लागला. सरांनी होडी पाण्यात आडवी पाडली आणि फळीवर खालच्या बाजूने खांदा लावला. फळी हलली नाही. पेटीच्या सांध्यातून मात्र कुरकुर आली आणि तिथून पाण्याची बारीक धार आत आली. सर थांबले. होडी सरळ करून ते कठड्याला धरून बराच वेळ धापा टाकत राहिले.

"पेटी फुटली तर होडी गेली," ते म्हणाले. "फळी कापून टाकू. करवत आणतो. आज कापली तर आजच होडी बाहेर. मिस्त्री दोन दिवसांत दुसरी करतील, सागाची, फुटकळ का असेना. नाण्याच्या फटीची. बेटा, खडखडू दे."

योजना बरोबर होती. मी गुरुवारपर्यंत थांबू या म्हणाले.

कारणे मी पुष्कळ दिली. लाकूड फुगण्याला एक मर्यादा असते. त्यानंतर पेटीही पाणी पिऊन थोडी सैलावेल. नवी फळी मुरलेली नसेल, वाकेल. प्रत्येक कारणात थोडे तथ्य होते. खरे कारण असे की ती फळी अचूक होती आणि ती मी करवून घेतली होती. करवत लावायला मला जमले नाही.

सरांनी पाना पिशवीत टाकला. "गुरुवार म्हणजे गुरुवार."

त्या संध्याकाळी वडील कचेरीतून आले आणि नेहमीप्रमाणे धरणाची पातळी सांगितली. मग पायातले काढत म्हणाले, "शहराला जास्त पाणी सोडायचं ठरलंय. आजपासून रोज वीतभर उतरंल."

मी लगेच हिशेब केला. होडीखाली पुरुषभर पाणी होते. दोन विती गेल्या तरी काही बिघडत नव्हते. मी होडीखालच्या पाण्याचा विचार केला. बाहेर जाण्याच्या वाटेवरच्या पट्ट्याचा केला नाही. तो गुडघाभरच होता. ज्या मुलीने पोस्टकार्डाच्या जाडीवर पानभर गणित केले होते, तिच्या हातून हे सुटले. आजही त्याचे स्पष्टीकरण मला एकच सुचते: मला थांबायचे होते, म्हणून थांबता येईल असेच आकडे मी निवडले.

बुधवारी रात्री आमच्या गल्लीतल्या नळाला सहा दिवसांनी पाणी आले. आई आणि मी घागरी घेऊन रांगेत उभ्या होतो. पाणी गढूळ होते, तरी बायका हसत होत्या. माझी घागर भरत असताना माझ्या लक्षात आले की हे पाणी माझ्या होडीखालचे आहे. तेव्हाच तो पट्टा डोळ्यांपुढे आला. मी उभ्या उभ्या विती मोजल्या आणि माझ्या मनात आले, दोन दिवस हा नळ बंद राहिला असता तर. माझ्यामागे एक म्हातारी बाई कळशी घेऊन उभी होती. "सरक की ग, पोरी, भरली तुझी," ती म्हणाली. मी सरकले. तो विचार मनात येऊन गेला, हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

गुरुवारी पहाटे आम्ही करवत घेऊन गेलो तेव्हा पट्टा उघडा पडला होता. डोहात पाणी होते, होडी तरंगत होती आणि डोहाला बाहेर जायला वाट नव्हती. मिस्त्रींनी भावकीतली आठ माणसे आणली, पऱ्हाट्यांच्या गाडीभर पेंढ्या आणल्या. काठाजवळ होडी आडवी पाडून, गाळावर पेंढ्या अंथरून ती ओढायला घेतली. पहिल्याच नेटाला पेंढ्या खाली गेल्या. त्यांच्या पाठोपाठ माणसे मांडीपर्यंत गेली. सर कमरेपर्यंत रुतले. त्यांना दोर टाकून ओढून काढावे लागले. काठावर येऊन त्यांनी अंगावरचा गाळ हाताने निपटला. त्यांनी एकही शिवी दिली नाही, आणि त्यावरून मला कळले की संपले.

"आता ऊनच काढंल तिला," मिस्त्री हळूच म्हणाले. "ताई, मी तर घट्टच केली होती हो."

"बरोबर केली होती, मिस्त्री," मी म्हणाले.

तरीही मी नांदेडला गेले. अर्ज भरलेला होता; न जाणे म्हणजे स्वतःच नाव खोडणे. सर बरोबर आले. घाटावर मंडपात एक परीक्षक यादी घेऊन बसले होते. छापील यादीत लातूर नव्हतेच. उस्मानाबादच्या खाली कुणीतरी शाईने लिहिले होते.

"लातूर. होडी कुठंय?"

"धरणात अडकलीय, सर. मला दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्याची द्या. मी चालवून दाखवते."

"नियम आहे, आपापली होडी. जिल्हा मागून घेतलात, आता होडीपण मागून घेणार?" शेजारचे दोघे हसले. "पुढल्या वर्षी या."

"पुढल्या वर्षी माझं वय बसत नाही."

"मग धाकट्या बहिणीला पाठवा."

आमच्या सरांनी टेबलावर हात टेकले. "साहेब, ही मुलगी इथल्या कुणाहूनही..." एवढे बोलून ते थांबले. परीक्षकांनी माझ्या नावापुढे रेघ ओढली होती.

आम्ही संध्याकाळपर्यंत घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. बंधाऱ्यात अजून भरपूर पाणी होते. एकेक होडी समोरून जायची आणि प्रत्येकीच्या पोटातून तोच आवाज यायचा: खडखड, खडखड. सगळ्यांच्या फळ्या सैल होत्या. इशारा झाला की मुले त्या एका हाताने वर ओढत, पुन्हा खाली सोडत. सरांनी तो आवाज ऐकला, मीही ऐकला. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

समुद्रविज्ञानाची ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मी आता विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासते: क्षार किती, गढूळपणा किती, पाणी किती हातांवर. काम उपयोगी आहे आणि मी ते नीट करते. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. सुट्टी असते, गाडी असते. मी जात नाही.

नांदेडहून आल्यावर तीनेक आठवड्यांनी मिस्त्रींचा निरोप आला, येऊन बघा. डोह आटला होता. ज्या गाळात माणसे रुतली होती तो आता वाळून भेगाळला होता आणि आम्ही दोघे त्याच्यावरून चपला घालून चालत गेलो. होडी बसलेल्या बैलासारखी एका कुशीवर कलंडली होती. रंगाचे पोपडे उडाले होते. पोटाखालून फळी बाहेर आलेली होती, करडी, कोरडी ठणठणीत.

मी वाकून तिच्या टोकाला एक बोट लावले. ती सरकली आणि सरळ पेटीत वर गेली.

मिस्त्रींनी खिशातून पोस्टकार्ड काढले. जपून ठेवलेले असावे. फळी आणि पेटी यांच्या फटीत त्यांनी ते घातले, फिरवून पाहिले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघा ताई, काय बसलीय. केसाचा फरक न्हाई."

मी फळी खाली सोडली, वर ढकलली, पुन्हा खाली सोडली. जराही आवाज होत नव्हता.